ट्रॉलरवर तोफ चढवली की काय होतं

तुमचं मॉडेल कलंडतं, कारण तुम्ही ते फार मनापासून केलंय. तोफ पितळेची, धुराडं तांब्याचं, कठडे पितळी तारेचे आणि तेही डाग देऊन जोडलेले. बोटीचा वरचा संसार सोनाराकडून आणल्यासारखा झालाय.

तुमचे तीन प्रश्न होते. दुसऱ्या महायुद्धातल्या सशस्त्र ट्रॉलरचं 1:48 मापाचं, रेडिओवर चालणारं मॉडेल सोसायटीच्या पोहण्याच्या तलावात वळण घेताना आडवं का होतं? मासेमारीची बोट नौदलात घेताना प्रत्यक्षात तिच्यात काय काय बदलत? आणि कोकणातल्या ट्रॉलरचं असं काही करता येईल का, कारण तुमच्या मित्राच्या मते मासेमारी बोटीवर कुणी संशय घेत नाही, म्हणजे युद्धात ती फार उपयोगी. पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर एकच आहे. तिसऱ्यात तुमचा मित्र चुकतोय, आणि ते जरा सविस्तर सांगावं लागेल.

माझी नोकरी गोदीत, बोटींची वजनं आणि तोल यांच्या हिशोबात गेली. निवृत्तीनंतर पुण्यात आलो. इथे समुद्र नाही, पण समुद्रावर बोलणारे भरपूर. तसंही आपल्या नौदलाचे अभियंते लोणावळ्याच्या डोंगरात आयएनएस शिवाजीवर घडतात आणि नौदलाचे कॅडेट खडकवासल्याच्या पाण्यात पहिली वल्ही मारतात, तेव्हा पुणेकरानं जहाजावर लिहायला हरकत नसावी.

आधी मापाचा हिशोब. 1:48 मॉडेलमध्ये लांबी 48 पट कमी होते, पण वजन 48 च्या घनानं, म्हणजे 1,10,592 पट कमी होतं. खऱ्या बोटीतला एक टन म्हणजे तुमच्या मॉडेलमधले नऊ ग्रॅम. तुम्ही पाठवलेल्या यादीत तोफ 90 ग्रॅमची आहे. म्हणजे तुम्ही नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकावर, 10 टनांची तोफ बसवलीत. अशा बोटींवर सर्रास दिसणारी 12 पौंडी तोफ घ्या. तिच्या नळीचं वजन 12 हंड्रेडवेट, म्हणजे साधारण 600 किलो. तुमच्या मापात साडेपाच ग्रॅम. खालचा मंच आणि बैठक धरूनही 90 पर्यंत पोचायचं तर फार दूर आहे. पाणसुरुंगाचंही, म्हणजे पाणबुडीवर टाकायच्या स्फोटक डब्याचंही (डेप्थ चार्ज), तेच. ब्रिटिश मार्क सात जातीचा एक पाणसुरुंग साधारण 190 किलोचा, तुमच्याकडे तो पावणेदोन ग्रॅमचा हवा. तुम्ही ते लोखंडी सळईचे तुकडे कापून केलेत.

हे लक्षात ठेवून आता खऱ्या बोटींकडे वळू. तिथेही सगळा तंटा वजनाचाच होता.

मासेमारी बोट नौदलाला का लागली? तोफ ओढायला नव्हे. 1904 साली रशिया-जपान युद्धात पोर्ट आर्थरसमोर पाण्यातल्या सुरुंगांनी दोन्ही बाजूंची कंबर मोडली. रशियाची पेट्रोपावलोव्स्क ही युद्धनौका ॲडमिरल माकारोव्हसह बुडाली, आणि 15 मे रोजी जपानच्या हात्सुसे आणि याशिमा या दोन मोठ्या युद्धनौका एकाच दिवशी सुरुंगांवर गेल्या. ब्रिटिशांनी यातून धडा घेतला. बंदरांची तोंडं मोकळी ठेवायची तर शेकडो बोटी लागतील, आणि तेवढ्या खास बांधणं कुणालाच परवडणार नाही. 1907 मध्ये ॲडमिरल चार्ल्स बेरेसफर्ड यांनी ग्रिम्सबी बंदराचे ट्रॉलर वापरावेत असं सुचवलं, पुढच्या वर्षी चाचण्या झाल्या, आणि 1910 मध्ये राखीव नौदलाचा ट्रॉलर विभाग उभा राहिला. (गंमत अशी की त्याच 1904 च्या ऑक्टोबरात बाल्टिकहून निघालेल्या रशियन ताफ्यानं उत्तर समुद्रातल्या डॉगर बँक या उथळ भागात रात्री मासे पकडणाऱ्या, हल या इंग्लिश बंदराच्या ट्रॉलरांना जपानी टॉर्पेडो बोटी समजून गोळीबार केला होता. ट्रॉलर लढाऊ व्हायच्या आधीच त्यांच्यावर तोफा चालल्या.)

ट्रॉलरच का, याचं उत्तर तिच्या विंचमध्ये, म्हणजे तार गुंडाळून ओढणाऱ्या यंत्रात आहे. ट्रॉलर म्हणजे मुळात पाण्याखाली जड सामान ओढत नेणारी बोट. जाळ्याचं तोंड फाकलेलं राहावं म्हणून दोन फळ्या तिरप्या लावलेल्या असतात. बोट पुढे गेली की पाणी त्यांना बाहेर ढकलतं. सुरुंग काढायची ओरोपेसा पद्धत हेच करते. बोटीमागे पोलादी तार. बोटीजवळ एक आडवं यंत्र तारेला खाली दाबून ठेवतं, दुसऱ्या टोकाचं यंत्र ट्रॉलच्या फळीसारखं बाहेर ओढतं, आणि त्याच्यावर झेंडा लावलेला तरंगता ठोकळा खोली कायम ठेवतो. तार सुरुंगाच्या दोरखंडाला घासत जाते, तारेवरची कातरी दोरखंड तोडते, सुरुंग वर येतो आणि रायफलनं फोडतात. या पद्धतीला नाव मिळालं तेही ज्या ट्रॉलरवर ती बसवून पाहिली त्या ओरोपेसावरून. आता सांगा, हे काम कुणाला शिकवायचं? नौदलाच्या लेफ्टनंटला, की तार किती ताणली की तुटते हे पायाखालच्या फळीच्या थरथरीवरून ओळखणाऱ्या ट्रॉलरच्या तांडेलाला? म्हणून माणसंही बोटीसकट घेतली. पहिल्या महायुद्धात अशा हजाराहून जास्त बोटी ब्रिटिश नौदलात आल्या, आणि दुसऱ्यात लोव्हेस्टॉफ्टला मुख्यालय असलेली रॉयल नेव्हल पॅट्रोल सर्व्हिस याच लोकांवर उभी होती. लोव्हेस्टॉफ्टच्या स्मारकावर समुद्राखेरीज दुसरी कबर नसलेल्या 2,385 जणांची नावं आहेत.

म्हणून बदललेली बोट समजून घ्यायची तर तिच्यावर काय चढवलं हे बघण्याआधी काय राहू दिलं ते बघा. सुरुंग काढणाऱ्या बोटीवर विंच राहिला. मॉडेलमध्ये तुम्ही तो जाळ्याबरोबर काढून टाकलात. तो परत बसवा, तिथे तो असायलाच हवा.

आता चढवलेल्या सामानाकडे. पुढे, नाळेवर उंच मंच करून तोफ. पुढेच का, तर जुन्या ट्रॉलरचं इंजिन, बॉयलर आणि सुकाणूची केबिन मागच्या निम्म्या भागात असते. पुढचा भाग उचललेला आणि मोकळा. तोफेच्या धक्क्यानं डेक दबू नये म्हणून खालून खांब देऊन ते वजन थेट सांगाड्यावर उतरवत. मागे पाणसुरुंगांच्या घसरपट्ट्या आणि फेकयंत्रं. 30 पाणसुरुंग म्हणजे साडेपाच टनांहून जास्त, आणि तेही अगदी टोकाला, उघड्या डेकवर. केबिनीच्या वर उघडा ब्रिज, म्हणजे बोट चालवायचा चौथरा, त्यावर मशीनगन. पाणबुडीविरोधी बोट असेल तर तळातून खाली काढलेला, आवाजाच्या लहरींनी पाणबुडी शोधणाऱ्या ॲस्डिकचा घुमट. पोटाभोवती चुंबकीय सुरुंगांपासून वाचायला तांब्याच्या केबलचा वेढा. सुरुवातीच्या घाईत तो कित्येकदा बाहेरूनच, डेकच्या कडेनं फिरवलेला असे. जुन्या फोटोंत तो स्पष्ट दिसतो आणि मॉडेलवाले तो हमखास विसरतात.

केबिनीवरच्या चिलखताची गोष्ट मला फार आवडते. 1940 मध्ये पोलादाची टंचाई होती, आणि विमानं खाली येऊन थेट सुकाणूवाल्यावर गोळ्या झाडत होती. तेव्हा डांबरात ग्रॅनाइटची खडी कालवून, मागे पातळ पोलादी पत्रा देऊन केबिनीभोवती ओतायची पद्धत निघाली. त्याला प्लॅस्टिक आर्मर म्हणत. म्हणजे रस्त्याचंच डांबर. गोळी खडीवर आपटून दिशा बदलते आणि मागच्या पत्र्यात अडकते. स्वस्त आणि मस्त उपाय, पण वजन बघा कुठे चाललंय: बोटीच्या सगळ्यात उंच जागी.

आणि या सगळ्याच्या उलट बाजूला, बोटीच्या पोटातून काय निघून गेलं? मासळी आणि बर्फ. मासळीचा खण साफ करून तिथे खलाशांच्या बाकड्या टाकल्या, कारण 20 जणांच्या बोटीवर आता 30-40 माणसं राहणार. वास काही जात नसे, ते सोडा. पण ट्रॉलरचा तोल ज्या भरलेल्या पोटावर आखलेला असतो ते पोट रिकामं झालं.

हिशोब करून दाखवतो, कारण नुसतं 'वर जड, खाली हलकं' म्हटलं की सगळे मान डोलावतात आणि परत पितळच लावतात. समजा 80 टनांची एक लहान ट्रॉलर आहे. तिची मेटासेंटरची उंची, म्हणजे जीएम, 60 सेंटीमीटर आहे. जीएम म्हणजे गुरुत्वमध्यापासून वर मेटासेंटरपर्यंतचं अंतर, बोट कलल्यावर तिला सरळ करणाऱ्या जोराचं माप. जेवढी जास्त तेवढी बोट ताठ. तिच्यावर गुरुत्वमध्याच्या 4 मीटर वर 2 टन सामान चढवलं. गुरुत्वमध्य सुमारे 10 सेंटीमीटर वर गेला. मग पोटातला 10 टन बर्फ-मासळी काढली, जी आता गुरुत्वमध्याच्या सुमारे 1.1 मीटर खाली होती. तो आणखी 15 सेंटीमीटर वर. मेटासेंटर जागचा हलला नाही असं धरलं तरी 60 ची जीएम 35 वर आली. एक डेक असलेल्या मासेमारी बोटीसाठी आंतरराष्ट्रीय नियमात किमान 35 सेंटीमीटरच मागतात. म्हणजे तोफ अजून एकदाही उडालेली नाही आणि बोट काठावर उभी आहे.

आता तिच्यात 3 मीटर रुंद, 2 मीटर लांब पाण्याची टाकी अर्धी भरलेली ठेवा. टाकीतलं पाणी कललेल्या बाजूला धावतं, त्याची शिक्षा 6 सेंटीमीटर. जीएम 29. मोठी गोष्ट अशी की ही शिक्षा टाकीत पाणी किती आहे यावर फारशी नाही, टाकीच्या रुंदीच्या घनावर ठरते. टाकी मधोमध उभी फळी घालून दोन भागांत केली की ती चौथाईवर येते. म्हणून गोदीतला माणूस रूपांतराच्या नकाशात तोफेआधी टाक्या बघतो.

उपाय एकच, खाली भार: बिडाचे ठोकळे किंवा काँक्रीट. 5 टन बीड तळाशी टाकलं की आठेक सेंटीमीटर परत मिळतात. पण तेवढी बोट खोल बसते, डेक पाण्याजवळ येतो आणि दारातून, झडपांतून पाणी आत शिरायला कमी कललं तरी पुरतं. फुकट काही मिळत नाही.

हे सगळं न मोजताही कळतं, फक्त घड्याळ लागतं. बोट एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला जाऊन परत यायला जितके सेकंद लागतात ते ढोबळमानानं रुंदीच्या 0.8 पट भागिले जीएमचं वर्गमूळ. साडेपाच मीटर रुंद बोटीची जीएम 60 सेंटीमीटर असेल तर पावणेसहा सेकंद, 35 असेल तर साडेसात. नवख्या पाहुण्याला दुसरी बोट आवडते. झोके सावकाश, पोट ढवळत नाही. तांडेल मात्र त्या झोक्याच्या टोकाला बोट जराशी थबकली की कपाळाला आठ्या घालतो.

या बोटी लढल्या कशा, हे थोडक्यात. वेगात त्या कुणाच्याच पुढे नव्हत्या. ट्रॉलर 10-12 नॉट, आणि जर्मन सातव्या प्रकारची पाणबुडी पाण्यावर 17 च्या पुढे. पाठलाग हा विषयच नाही. ताफ्यासोबत राहायचं, खालचा आवाज ऐकायचा, वेळ आली तर अंगावर जायचं. 15 मे 1917 ला ओट्रांटोच्या सामुद्रधुनीत जाळी धरून उभ्या असलेल्या मासेमारी बोटींवर ऑस्ट्रिया-हंगेरीच्या तीन क्रूझर चालून आल्या आणि 14 बोटी बुडवल्या. शरण या म्हटल्यावर गोवनली नावाच्या बोटीचा स्किपर जोसेफ वॉट यानं आपल्या चिमुकल्या तोफेनं क्रूझरवर गोळे टाकले. बोट वाचली आणि त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. 1940 मध्ये नॉर्वेतल्या नामसोसला अरब या ट्रॉलरनं जळत्या धक्क्याला नाळ टेकवून धरली आणि आग विझवायचा प्रयत्न केला. पाच दिवसांत तिच्यावर 31 हवाई हल्ले झाले. तिच्या कप्तानालाही, रिचर्ड स्टॅनर्डला, तोच सन्मान. 1942 मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पाणबुड्यांनी उच्छाद मांडला तेव्हा ब्रिटननं 24 ट्रॉलर तिकडे धाडल्या. त्यांतली बेडफर्डशायर मे महिन्यात उत्तर कॅरोलिनासमोर यू-558 नं बुडवली. सापडलेली चार प्रेतं ओक्राकोक बेटावर पुरली आहेत.

भारतीय संबंध असलेली बोट हवी असं तुम्ही म्हणालात. लोक चटकन रॉयल इंडियन नेव्हीच्या ट्रॉलर सांगतात. दुसऱ्या महायुद्धात बेसेट वर्गाच्या ट्रॉलर हिंदुस्थानातच बांधल्या गेल्या आणि त्यांना शहरांची नावं दिली. फाळणीत नाशिक, कलकत्ता, कोचीन आणि अमृतसर भारताकडे आल्या, रामपूर आणि बडोदा पाकिस्तानकडे गेल्या. 'नाशिक' नाव मोहात पाडणारं आहे, मान्य. पण या जन्मानंच नौदलाच्या बोटी. नकाशा ट्रॉलरचा, कारण तो कुठल्याही मध्यम गोदीला बांधता येतो; मासळी यांनी कधी उचललीच नाही. तुम्हाला रूपांतर दाखवायचंय, म्हणून माझं मत मूनस्टोनला. 1934 ची मासेमारी ट्रॉलर, युद्धाच्या तोंडावर नौदलानं विकत घेतली, 4 इंची तोफ बसवली आणि एडनला पाठवली. एडन 1932 पर्यंत मुंबई इलाख्यातच होतं, तेव्हा ही बोट आपल्याच अंगणातली म्हणायला हरकत नाही. 19 जून 1940 ला तिनं तांबड्या समुद्राच्या तोंडाशी गॅलिलिओ गॅलिली ही इटालियन पाणबुडी वर यायला भाग पाडली. पाणबुडी तिच्याहून मोठी, पण आत वातानुकूलन यंत्रातून गळलेल्या विषारी वायूनं माणसं आधीच बेजार होती. मूनस्टोननं जवळ जाऊन तोफ चालवली, गोळे पाणबुडीच्या मनोऱ्यावर बसले, कप्तान आणि अधिकारी मेले, आणि पाणबुडीनं शरणागती पत्करली. ती एडनला ओढून नेली आणि तिच्यावरच्या कागदपत्रांमुळे इतर इटालियन पाणबुड्यांचा माग लागला.

आता तुमच्या मित्राचा मुद्दा. मासेमारी बोटीवर संशय येत नाही, म्हणून ती चांगली. हाच विचार 1915 मध्ये ब्रिटिशांनी केला होता. लोव्हेस्टॉफ्टच्या शिडाच्या होड्यांवर ताडपत्रीखाली लहान तोफा लपवल्या. इन्व्हरलियन नावाच्या अशा एका होडीनं ऑगस्ट 1915 मध्ये यूबी-4 ही पाणबुडी खरोखर बुडवली. शौर्य वादातीत. पण त्यानंतर कुठला पाणबुडीवाला जाळं टाकून बसलेल्या होडीजवळ विश्वासानं जाईल? लांबूनच उडवून मोकळा होईल. मग ज्याच्याकडे तोफ नाही तो कोळी मरतो.

कायदाही हेच सांगतो. 1898 च्या युद्धात अमेरिकेनं क्युबाच्या दोन मासेमारी होड्या पकडल्या, आणि 1900 मध्ये अमेरिकेच्याच सर्वोच्च न्यायालयानं पाकेते हबाना खटल्यात निकाल दिला की किनाऱ्यावर मासे पकडणाऱ्या होड्यांना हात लावायचा नाही. 1907 च्या हेग करारांत ते लिहून आलं: किनारी मासेमारी बोटीला संरक्षण आहे, पण ती लढाईत पडली की ते संपलं, आणि तिचं निरुपद्रवी रूप कायम ठेवून तिचा लष्करी वापर करायला सरकारांना मनाई आहे. खुली वाट वेगळी आहे. बोट उघडपणे नौदलात घ्या, ध्वज लावा, कमिशन असलेला अधिकारी आणि नौदलाच्या शिस्तीतली माणसं द्या, युद्धनौकांच्या यादीत तिचं नाव टाका.

1982 च्या फॉकलंड युद्धात दोन्ही वाटा एकाच समुद्रात दिसल्या. ब्रिटननं कॉर्डेला, फार्नेला, जुनेला, नॉर्थेला आणि पिक्ट या पाच ट्रॉलर ताब्यात घेतल्या, नौदलाचे सुरुंगवाले खलाशी चढवले, त्यांना रीतसर युद्धनौकांचा दर्जा दिला आणि अटलांटिकच्या टोकापर्यंत नेऊन सुरुंग काढून घेतले. आणि अर्जेंटिनाची नारवाल ही मासेमारी बोट, नौदलाचा अधिकारी घेऊन ब्रिटिश ताफ्याच्या मागावर होती. 9 मे ला सी हॅरियर विमानांनी तिच्यावर हल्ला केला, ती पकडली गेली आणि बुडाली.

आपल्या किनाऱ्यावर हा विचार नवा नाही. मराठ्यांच्या आरमारात गलबतं आणि गुराबांबरोबर मचवे होतेच, आणि वल्ही मारणारे कोळी-भंडारी शांततेत त्याच पाण्यावर पोट भरत. अलीकडचं बोलायचं तर 1993 मध्ये रायगडातल्या शेखाडीला स्फोटकं उतरल्यानंतर महाराष्ट्र-गुजरात किनाऱ्यावर ऑपरेशन स्वान सुरू झालं. त्यात उथळ पाण्यात गस्त घालायला भाड्यानं घेतलेल्या ट्रॉलर वापरल्या आणि त्यांवर नौदल, पोलीस आणि कस्टमची माणसं असत. मर्यादा उघड होती. आपली लाकडी ट्रॉलर आठ-नऊ नॉटची. समोरचा स्पीडबोट घेऊन आला तर त्याच्या पाठीमागचा फेस बघत बसायचं. आणि 2008 मध्ये पोरबंदरची कुबेर पळवून हल्लेखोर मुंबईला आले, तेव्हा 'मासेमारी बोटीवर कुणी संशय घेत नाही' याची किंमत आपणच मोजली. त्यानंतर सागर प्रहरी बल उभं राहिलं ते वेगवान बोटींवर.

मग रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या ट्रॉलरवर आज काय चढवता येईल? चांगला रेडिओ, रडार, शोधदिवा, रबरी होडी आणि तिला ओढणारा विंच, जो आहेच. यांतलं बहुतेक सगळं हलकं आहे. जड तोफ नको. लाकडी डेक, ट्रकवरून जुळवलेलं इंजिन आणि बर्फाशिवाय रिकामं पोट यांना ती पेलणार नाही. एक फायदा मात्र खरा आहे: लाकडी बोटीला चुंबकीय सुरुंग कमी ओळखतो. दुसऱ्या महायुद्धात जुन्या लाकडी ड्रिफ्टर, म्हणजे जाळं सोडून वाहत राहणाऱ्या मासेमारी बोटी, याच कामाला लावल्या होत्या.

आता तुमचं मॉडेल. मूनस्टोनच्या आकाराची बोट तुमच्या मापात साधारण सव्वासात किलो भरली पाहिजे, 800 टन विस्थापन धरून. जीएम खऱ्या बोटीत 60 सेंटीमीटर असेल तर मॉडेलमध्ये साडेबारा मिलिमीटर. तुमच्या यादीप्रमाणे वरचं सामान 600 ग्रॅम झालंय. मापात ते 200 च्या आसपास हवं. फाजील 400 ग्रॅम, गुरुत्वमध्याच्या सरासरी 10 सेंटीमीटर वर. त्यानं गुरुत्वमध्य साडेपाच मिलिमीटर चढला आणि जीएम सातवर आली. शिवाय सुकाणूच्या दांड्याच्या भोकातून थोडं पाणी आत येतं असं तुम्हीच लिहिलंय, ते पाणी तळात मोकळं धावतंय. आडवी होणार नाही तर काय?

काढा आणि बदला. तोफेची नळी शीतपेयाच्या नळीची किंवा गुंडाळलेल्या कागदाची, बैठक प्लॅस्टिकच्या पत्र्याची. पाणसुरुंग पोकळ करा. धुराडं पातळ प्लॅस्टिकच्या नळीचं. केबिन बाल्सा लाकडाची. कठड्याला पितळी तार चालेल, ती पातळ असते. तळाशी यूपीएसची 12 व्होल्टची 7 अँपिअर-तासाची बॅटरी आडवी बसवा. तिचं वजन दोन किलोंच्या वर असतं, तापकीर गल्लीत मिळते. उरलेला भार टायरवाल्याकडच्या जुन्या शिशाच्या बॅलन्सिंग पट्ट्यांनी भरा, पण पट्ट्या जशाच्या तशा चिकटवा; घरात शिसं वितळवू नका, त्याचा धूर विषारी. सुकाणूच्या दांड्याला नळी आणि ग्रीस.

मग चाचणी, जशी आम्ही गोदीत करतो. वारा नसलेल्या वेळी बोट पाण्यात सरळ उभी करा. केबिनीच्या जागी 30 सेंटीमीटर उंचीवरून दोरा लटकवा, खाली नट बांधा, नटाखाली मिलिमीटरची पट्टी. नट हलत राहतो, म्हणून तो वाटीभर तेलात बुडवून ठेवा. गोदीतही लंबक तेलाच्या बादलीतच असतो. 100 ग्रॅमचं वजन डेकवर मधल्या रेषेपासून 3 सेंटीमीटर डावीकडे ठेवा, पट्टीवरचा आकडा लिहा. तेच वजन 3 सेंटीमीटर उजवीकडे न्या, पुन्हा लिहा. दोन आकड्यांतला फरक 20 मिलिमीटर आला तर जीएम साडेबारा. फरक जितका जास्त तितकी जीएम कमी; 250 भागिले तो फरक, असा सोपा हिशोब सव्वासात किलोच्या बोटीला लागू पडतो. दोरा, नट आणि तेलाचं वजन नंतर उतरणार आहे, तेव्हा खरी जीएम किंचित जास्तच निघेल.

मॉडेल मापाहून थोडं ताठ ठेवा, कारण वारा मापात कमी होत नाही. तलावावरची ताशी 10 किलोमीटरची झुळूक तुमच्या बोटीला ताशी 70 किलोमीटरच्या वादळासारखी लागते. 15-16 मिलिमीटर जीएम मिळाली तर समाधान माना. ती आठच्या खाली आली, म्हणजे फरक 31 मिलिमीटरच्या पुढे गेला, तर बोट पाण्यात चालवू नका. आधी केबिनीवरून वजन उतरवा, मग तळात शिसं वाढवा. उलट क्रमानं केलंत तर पाण्याची रेषा रंगाच्या पट्ट्याच्या वर जाईल आणि ती परत रंगवावी लागेल. नाळेवर मासेमारीचा नंबर नको, नौदलाचा टी-90 घाला, आणि रंग राखाडी.